बसमध्ये चढलेल्या माणसाची बातमी

प्रश्न : फिजीतल्या एका वृत्तपत्रानं २००९ साली 'माणूस बसमध्ये चढला' अशी बातमी छापली होती, असं कुठंसं वाचलं. हे खरं आहे का? आणि जेमतेम नऊ लाख वस्तीच्या देशात सरकारला वर्तमानपत्रांची एवढी धास्ती का वाटावी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हो, खरं आहे. पत्राचं नाव 'फिजी डेली पोस्ट'. एक माणूस बसमध्ये चढला, चढताना त्याला काही अडचण आली नाही, असा बातमीचा मजकूर होता आणि चढणं कसं जमलं याबद्दल खुद्द त्या माणसाचं निवेदनही होतं. त्याच दिवसांत, न्याहारी नेहमीप्रमाणे पार पडल्याची आणखी एक बातमी आली. छापणाऱ्यांना वेड लागलं नव्हतं. ज्याला कुणाचीच हरकत असणार नाही असा मजकूर त्यांनी शोधून काढला आणि अतिशय गंभीर चेहऱ्यानं छापला.

मागची हकीकत अशी. ५ डिसेंबर २००६ रोजी लष्करप्रमुख फ्रँक बैनीमरामा यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं. १९८७ पासूनचं हे चौथं बंड. ९ एप्रिल २००९ रोजी तिथल्या अपील न्यायालयानं या बंडातून आलेलं सरकार बेकायदा असल्याचा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रातू जोसेफा इलोइलो यांनी राज्यघटनाच रद्द केली, सगळ्या न्यायाधीशांना घरी पाठवलं आणि लगोलग बैनीमरामांना पुन्हा पंतप्रधान नेमलं. सोबत आणीबाणीचे नियम आले. माहिती खात्याचे अधिकारी, बरोबर पोलीस, संपादकीय खोल्यांत येऊन बसू लागले. छपाईला जाणारं पान आधी त्यांच्या डोळ्यांखालून जायचं. रविवारी, १२ एप्रिलला, 'फिजी टाइम्स'चा अंक निघाला तो ठिकठिकाणी कोरा. सरकारी निर्बंधांमुळे इथली बातमी छापता येत नाही, एवढाच खुलासा त्या रिकाम्या चौकटींत होता. फिजी टीव्हीनं संध्याकाळी सहाचं बातमीपत्रच रद्द केलं आणि तसं पडद्यावर सांगून टाकलं.

सरकारला कोऱ्या जागा अजिबात आवडल्या नाहीत. यापुढे रिकामी चौकट दिसता कामा नये, अशी तंबी मिळाली. बातमी तर कापायचीच, पण कापल्याचा व्रणही दिसू द्यायचा नाही! मग 'डेली पोस्ट'चा माणूस बसमध्ये चढला.

आपल्याकडच्या जुन्या वाचकांना 'इंडियन एक्सप्रेस'चा २८ जून १९७५ चा अंक आठवत असेल. त्यात अग्रलेखाची जागा कोरी होती. आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत उठली. फिजीतले हे नियम सुरुवातीला तीस दिवसांसाठी होते. मुदत वाढवत वाढवत ते ७ जानेवारी २०१२ पर्यंत चालवले गेले.

आता धास्तीबद्दल. ती मोठ्या देशातल्या सरकारांनाही असतेच. फरक असा की छोट्या देशात तिच्यावरचा इलाज स्वस्तात होतो. फिजीत तीनशेवर बेटं आहेत, पण बातमी तयार होते ती मुख्यतः व्हिटी लेवू बेटावरच्या सुवा या राजधानीत. इंग्रजी दैनिकं दोन-तीन. हिंदी 'शांतिदूत' आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं 'नाई लालाकाई' ही दोन्ही साप्ताहिकं 'फिजी टाइम्स'च्याच घरातली. सुवातल्या मोजक्या इमारतींच्या दारात शिपाई उभे केले की अख्ख्या देशाच्या बातम्या मुठीत येतात. भारतात असं करायचं म्हटलं तर जिल्ह्याजिल्ह्यात, भाषेभाषेत माणसं नेमावी लागतील, आणि तरी एखादा सायक्लोस्टाइल काढणारा निसटेलच.

दुसरी गोष्ट, तिथे वृत्तपत्र ही उपरी वस्तू नव्हे. 'फिजी टाइम्स' १८६९ साली लेवुका या तेव्हाच्या बंदरगावात सुरू झालं. ब्रिटिशांनी फिजी ताब्यात घेतलं ते १८७४ मध्ये. म्हणजे पत्र त्यांच्या राज्याहून पाच वर्षांनी मोठं. फिजी आंतरराष्ट्रीय वाररेषेला खेटून असल्यामुळे रोज जगात सर्वांत आधी प्रसिद्ध होणारं दैनिक, अशी शेखी हे पत्र मिरवत आलं आहे. इतक्या जुन्या घराला टाळं ठोकणं अवघड. बैनीमरामा सरकारनं ते ठोकलं नाहीच. वेगळ्या वाटा काढल्या, आणि माझ्या मते बसच्या बातमीपेक्षा त्या वाटा जास्त समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली वाट हद्दपारीची. फेब्रुवारी २००८ मध्ये 'फिजी सन'चे प्रकाशक रसेल हंटर यांना देशाबाहेर काढलं. त्यांच्या पत्रानं तेव्हाचे अर्थमंत्री महेंद्र चौधरी यांच्या ऑस्ट्रेलियातल्या पैशांवर बातम्या चालवल्या होत्या. (याच पैशांपायी चौधरींना २०१४ मध्ये परकीय चलनाचा कायदा मोडल्याबद्दल न्यायालयानं दोषी धरलं. बातमी खोटी नव्हती.) त्याच वर्षी मे महिन्यात 'फिजी टाइम्स'चे प्रकाशक इव्हान हॅना गेले. त्यांच्या जागी आलेले रेक्स गार्डनर जानेवारी २००९ मध्ये गेले. एका वाचकाच्या पत्रात न्यायालयाच्या निकालावर टीका होती. ते छापल्याबद्दल पत्राला एक लाख फिजी डॉलरचा दंड झाला आणि संपादक नेतानी रिका यांना तीन महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली गेली. रिका फिजीचेच, त्यांना कुठे घालवणार? प्रकाशक परदेशी, त्यांना विमानात बसवता येत होतं.

ही वाट लष्करानं शोधून काढलेली नाही. गांधीजींच्या सूचनेवरून आधी मॉरिशसला आणि १९१२ मध्ये फिजीला गेलेले बडोद्याचे बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर यांनी फिजीत 'इंडियन सेटलर' नावाचं पत्र काढलं होतं. १९२० च्या मजुरांच्या संपानंतर ब्रिटिश गव्हर्नरनं त्यांना वसाहतीच्या मुख्य भागांत राहायलाच बंदी केली. राहायलाच बंदी म्हटल्यावर वकिली कुठे करणार आणि पत्र कुठे काढणार? ते फिजी सोडून गेले. पुढे बरीच भटकंती होऊन त्यांची अखेर १९५६ मध्ये आपल्या मुंबईत झाली.

दुसरी वाट मालकीची. जून २०१० मध्ये माध्यमविषयक हुकूमनामा निघाला. पुढे तो कायदा झाला आणि तेरा वर्षं टिकला. त्यात एक कलम होतं, वृत्तपत्राची नव्वद टक्के मालकी फिजीच्या नागरिकांकडे हवी. वाचायला किती देशाभिमानी! पण 'फिजी टाइम्स' तेव्हा रूपर्ट मर्डोक यांच्या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होतं आणि सरकारला नको असलेल्या बातम्या छापण्याची ऐपत असलेला देशातला मालक तोच होता. तीन महिन्यांची मुदत मिळाली. सप्टेंबर २०१० मध्ये पत्र विकलं गेलं, ते गुजराती वंशाच्या पटेल कुटुंबाच्या मोतीभाई उद्योगसमूहाला. मर्डोक यांच्याबद्दल मला फार ममत्व नाही. पण परदेशी मालकाला एका देशातला तोटा दुसऱ्या देशातल्या नफ्यातून भरून काढता येतो. स्थानिक व्यापाऱ्याचं दुकान, गोदाम, आयातीचा परवाना, सगळं त्याच सरकारच्या हद्दीत असतं. मोतीभाईंनी पत्र चालू ठेवलं आणि बरंचसं ताठ ठेवलं, हे त्यांचं श्रेय मोठं आहे.

याच कायद्यात पन्नास शब्दांहून मोठ्या प्रत्येक बातमीखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं, असंही कलम होतं. पारदर्शकता म्हणून खपावं असं. पण जिथे बातमीदाराचं घर, त्याच्या मुलांची शाळा आणि सासुरवाडी सगळ्या गावाला ठाऊक असते, तिथे नाव छापणं म्हणजे पत्ता छापणं. चूक झाली तर संस्थेला एक लाख डॉलरपर्यंत दंड, संपादकाला पंचवीस हजार किंवा दोन वर्षांचा तुरुंग. या रकमा तिथल्या वृत्तपत्राच्या मानानं जीवघेण्या होत्या. या कलमांखाली प्रत्यक्ष खटले फारसे झालेच नाहीत. गरज पडली नाही. संपादक स्वतःच कात्री चालवू लागले.

तिसरी वाट जाहिरातींची, आणि हिला कायदाही लागत नाही. सरकारी जाहिराती 'फिजी सन'ला जाऊ लागल्या आणि 'फिजी टाइम्स'च्या बंद झाल्या. नऊ लाखांच्या देशात खासगी उद्योग मोजके, त्यांतल्या कित्येकांचं सरकारशी काही ना काही काम अडलेलं. सर्वांत मोठा जाहिरातदार सरकारच. त्यानं हात आखडला की कागदाचं बिल कसं भरायचं? तो कागदही जहाजानं बाहेरून येतो.

आणि एवढं करूनही भागलं नाही तेव्हा राजद्रोह. २७ एप्रिल २०१६ च्या 'नाई लालाकाई'त एका वाचकाचं पत्र छापून आलं. त्यात मुस्लिमांविषयी आक्षेपार्ह विधानं होती. पत्रलेखक, साप्ताहिकाचे संपादक, प्रकाशक आणि 'फिजी टाइम्स'चे मुख्य संपादक फ्रेड वेस्ली या सगळ्यांवर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. ते पत्र वाईट होतं, हे मान्य. ते छापायला नको होतं, असंही मी म्हणेन. पण त्या भाषेतलं साप्ताहिक सांभाळणारे संपादक वेगळे असताना इंग्रजी दैनिकाच्या संपादकालाही आरोपी करण्यामागे धर्मसलोख्याची काळजी कितपत होती, ते समजण्यासारखं आहे. 'केसरी'तल्या मजकुरावरून १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांवर चाललेले खटले ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना या आरोपाचं घराणं ओळखीचं वाटेल. ब्रिटिश गेले तरी हे कलम मागे ठेवून गेले. फिजीत मात्र शेवट वेगळा झाला. २२ मे २०१८ रोजी उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं.

डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीत बैनीमरामांची सत्ता गेली. नव्या सरकारनं ६ एप्रिल २०२३ रोजी संसदेत तो माध्यम कायदा रद्द केला. त्या सरकारचे पंतप्रधान सितिवेनी राबुका. हे नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण १९८७ ची पहिली दोन बंडं करणारे लष्करी अधिकारी हेच. तेव्हा त्यांच्याच सैनिकांनी दोन्ही दैनिकं बंद पाडली होती, आणि तेव्हाचं 'फिजी सन' तर सेन्सॉरखाली छापण्यापेक्षा कायमचं बंद झालेलं बरं म्हणून परत उघडलंच नाही. आज त्या नावानं निघतं ते वेगळं पत्र. माणूस खरोखर बदलला की पाठिंब्याचं गणित बदललं, हा वाद फिजीत अजून चालतो. मला दुसरं अधिक पटतं. पण कायदा गेला, हे खरं, आणि तो त्यांच्या हातून गेला.

जाता जाता एक आठवण, जी फारशी सांगितली जात नाही. मे २००० मध्ये जॉर्ज स्पाइटनं संसद वेठीला धरली, तेव्हा सुवातल्या साउथ पॅसिफिक विद्यापीठाचे पत्रकारितेचे विद्यार्थी रोज त्याच्या बातम्या देत होते. त्या महिन्याच्या अखेरीस स्पाइटच्या समर्थकांनी फिजी टीव्हीची मोडतोड केली. घाबरून विद्यापीठानं विद्यार्थ्यांचं संकेतस्थळ बंद केलं. तर सिडनीच्या एका विद्यापीठानं आपल्या यंत्रावर त्यांना जागा दिली आणि बातम्या चालू राहिल्या. हे सगळं विशी-बाविशीतल्या मुलांनी केलं.

प्रश्न : छोट्या बेटावर सगळेच एकमेकांच्या नात्यातले. मग आपल्याच मामाविरुद्ध बातमीदार लिहिणार तरी कसा?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : कोकणातून असा प्रश्न यावा यात नवल नाही. भावकी म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको.

अडचण खरी आहे. सामोआ किंवा टोंगासारख्या समाजात सरदार-मुखियांचा मान राखणं हा संस्काराचा भाग. मुखियाला चारचौघांत प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा. सामोआत फोनो नावाची गावपंचायत असते आणि ती रीत मोडणाऱ्या कुटुंबाला गावाबाहेर काढू शकते. मंत्री मामा नसला तरी त्याच चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो. कोर्टात जाण्याआधीच निरोप येतो, आणि तो आईकडून येतो.

म्हणून या देशांत चौकशीची पत्रकारिता अनेकदा बाहेरून आलेल्या माणसानं सुरू केली. पण त्याची गाठ व्हिसाशी. वानुआटूचं उदाहरण घ्या. मार्क नील-जोन्स हा जन्मानं ब्रिटिश माणूस. त्यानं १९९३ मध्ये तिथे छोटं पत्र काढलं, त्याचंच पुढे 'वानुआटू डेली पोस्ट' झालं. जानेवारी २००१ मध्ये पंतप्रधान बराक सोपे यांच्या सरकारनं त्याला विमानात बसवलं. न्यायालयानं काही दिवसांत परत आणलं. सोपे पुढच्याच वर्षी सरकारी हमीपत्रं बनावट केल्याबद्दल दोषी ठरले. तुरुंगातल्या परिस्थितीवर लिहिलं म्हणून २००९ मध्ये नील-जोन्सला तुरुंगरक्षकांनी मारलं. २०११ मध्ये एक मंत्री माणसं घेऊन थेट कचेरीत घुसला आणि पुन्हा मारहाण झाली. त्या मंत्र्याला दंड झाला पंधरा हजार वाटू, म्हणजे दीड-दोनशे अमेरिकन डॉलर. मंत्रिपद शाबूत. त्याच पत्राचे डॅन मॅक्गॅरी हे सोळा वर्षं वानुआटूत राहिलेले. चिनी नागरिकांच्या हद्दपारीवर त्यांनी लिहिल्यानंतर, २०१९ मध्ये त्यांना ब्रिस्बेनच्या विमानतळावरूनच मागे फिरवण्यात आलं.

थोडक्यात, घरच्याला नात्यानं बांधायचं आणि बाहेरच्याला परवान्यानं.

यातून टोंगाच्या कलाफी मोआला यांनी काढलेली तोड मला फार आवडते. ते घरचेच, पण त्यांनी आपलं 'ताइमी ओ टोंगा' हे पत्र न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला छापायला घेतलं. तिथे टोंगाचे हजारो लोक कामाला गेलेले. वाचक तिथेही, जाहिराती तिथल्या, छापखाना तिथला आणि अंक विमानानं मायदेशी. राजाच्या सरकारला त्यांच्या जाहिराती तोडता येईनात. १९९६ मध्ये मोआला, त्यांचे सहसंपादक आणि लोकशाहीवादी खासदार अकिलिसी पोहिवा यांना संसदेच्या अवमानाबद्दल तीस दिवसांचा तुरुंग झाला. सरन्यायाधीशांनी तो बेकायदा ठरवून मुदतीआधी सोडलं. २००३ मध्ये सरकारनं वृत्तपत्रालाच निषिद्ध आयात माल ठरवलं, म्हणजे कस्टमनं अंक अडवायचे! न्यायालयानं ती बंदी उठवली तर सरकारनं राज्यघटनेचं अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कलमच बदललं आणि नवे कायदे आणले. ऑक्टोबर २००४ मध्ये न्यायालयानं तेही रद्द केले. गंमत पुढे आहे. ज्या पोहिवांनी तुरुंग भोगला, ते डिसेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान झाले आणि मग सरकारी नभोवाणीचे प्रश्न त्यांनाही बोचू लागले.

किरिबाटीत तर देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष इयेरेमिया ताबाई यांनाच हा अनुभव आला. पद सोडल्यावर त्यांना खासगी रेडिओ काढायचा होता. परवान्याशिवाय यंत्रसामग्री आणल्याबद्दल १९९९ मध्ये त्यांना दंड झाला. मग त्यांनी २००० मध्ये 'न्यूस्टार' हे साप्ताहिक काढलं. जो माणूस देश चालवून मोकळा झाला, त्याला रेडिओ सहजासहजी काढू दिला गेला नाही.

नाउरूचं तंत्र सर्वांत सोपं. लोकसंख्या दहा-बारा हजार, दैनिक नाही, आणि ऑस्ट्रेलियानं समुद्रमार्गे येणाऱ्या निर्वासितांना ठेवण्यासाठी हे बेट वापरलं. जगभरच्या पत्रकारांना तिथे जायचं होतं. नाउरूनं २०१४ मध्ये पत्रकारांच्या व्हिसाची फी दोनशे ऑस्ट्रेलियन डॉलरवरून आठ हजारांवर नेली. अर्ज नाकारला तरी पैसे परत नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये पॅसिफिक देशांची शिखर परिषद तिथे भरली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेला, एबीसीला, प्रवेशच दिला नाही. न्यूझीलंडच्या दूरचित्रवाणीवरच्या बार्बरा ड्रीव्हर निर्वासितांशी बोलल्या, तर त्यांना काही तास पोलिसांनी अडकवून ठेवलं. इथे दोष नाउरूचा आहेच, पण त्या गुप्ततेचा फायदा कुणाला होत होता, हे विसरून चालणार नाही. मोठ्या देशाला नको असलेला साक्षीदार छोट्या देशानं अडवला.

प्रश्न : मॉरिशसमध्ये आपले मराठी लोक आहेत. तिथली परिस्थिती कशी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुष्कळ बरी, पण निश्चिंत राहावं अशी नाही. मॉरिशसचे मराठी लोक मुख्यतः कोकणातून गेलेल्यांचे वंशज. तिथली सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्था, एमबीसी, मराठीतही कार्यक्रम देते. अभिमान वाटावा असं आहे, आणि तिथेच मेखही आहे. खासगी रेडिओ २००२ पासून आहेत, पण दूरचित्रवाणी एमबीसीचीच, आणि जो पक्ष सत्तेवर असेल त्याची ती असते, ही विरोधकांची तक्रार पक्ष बदलले तरी बदलत नाही. आपली भाषा पडद्यावर दिसते म्हणून ती संस्था स्वतंत्र होत नाही.

छापील पत्रं मात्र जुनी आणि कणखर. पहिलं पत्र फ्रेंच अमलात १७७३ मध्ये निघालं. ब्रिटिशांकडून मुद्रणस्वातंत्र्य मिळवल्याचं श्रेय १८३२ च्या 'ल सेर्नेआं'ला आणि त्याच्या आद्रियाँ देपिने यांना दिलं जातं. इथे थोडं थांबावं लागतं. देपिने हे ऊसमळ्यांच्या मालकांचे पुढारी होते, आणि गुलामांची मुक्तता लांबावी, झालीच तर मालकांना भरपाई मिळावी, यासाठी ते स्वातंत्र्य त्यांना हवं होतं. मजुरांच्या बाजूचं पत्र यायला आणखी पाऊणशे वर्षं लागली. १९०९ मध्ये मणिलाल डॉक्टरांनी 'हिंदुस्तानी' काढलं, तेच मणिलाल जे नंतर फिजीला गेले.

स्वातंत्र्यानंतरची एक घटना तिथल्या पत्रकारांनी जपून ठेवली आहे. १९८४ मध्ये सरकारनं असा कायदा आणला की प्रत्येक वृत्तपत्रानं पाच लाख रुपयांची बँक हमी द्यावी. छोटी पत्रं त्या एका अटीनं मेली असती. संसदेबाहेर निदर्शनं करणाऱ्या ४४ पत्रकारांना अटक झाली. एवढ्या लहान देशात ४४ जण म्हणजे संपादकीय खोल्या जवळजवळ रिकाम्या झाल्या असणार. सरकारला माघार घ्यावी लागली.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २०२४ च्या निवडणुकीआधी 'मिस्ये मुस्ताश', म्हणजे मिशाळसाहेब, या टोपणनावानं कुणीतरी चोरून ध्वनिमुद्रित केलेली फोनवरची संभाषणं समाजमाध्यमांवर सोडू लागलं. त्यांत राजकारणी होते, पोलीस अधिकारी होते, पत्रकारही होते. म्हणजे पत्रकारांचे फोनही ऐकले जात होते, हा मुख्य धक्का. १ नोव्हेंबरला सरकारनं ११ तारखेपर्यंत समाजमाध्यमंच बंद करण्याचा आदेश काढला. मतदान १० तारखेला! एवढा ओरडा झाला की दुसऱ्याच दिवशी आदेश मागे गेला. मतमोजणीत विरोधी आघाडीला थेट निवडल्या जाणाऱ्या ६२ पैकी ६० जागा मिळाल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांच्या आघाडीला त्यांतली एकही नाही. हा निकाल फक्त या बंदीमुळे लागला असं मी म्हणणार नाही; महागाई होती, कंटाळाही होता. पण बंदीनं सरकारचं काहीच भलं केलं नाही, एवढं नक्की.

प्रश्न : जागतिक माध्यमस्वातंत्र्याच्या यादीत सामोआसारखं चिमुकलं राष्ट्र भारताच्या कितीतरी वर असतं. यावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बेतानं ठेवावा. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या २०२४ च्या यादीत सामोआ २२ वा, भारत १५९ वा. भारताचा क्रमांक का घसरला याची कारणं खरी आहेत आणि सामोआकडे बोट दाखवून ती झाकता येणार नाहीत. पण छोट्या देशात एकच पत्र धीट निघालं तर सगळ्या देशाचा क्रमांक वर जातो. सामोआत ते पत्र म्हणजे सावेआ सानो मालिफा यांनी १९७८ मध्ये काढलेलं 'सामोआ ऑब्झर्व्हर'. १९९४ मध्ये त्यांचा छापखाना जाळला गेला. नंतर पंतप्रधानांनी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला, आणि वकिलाचा खर्च सरकारी तिजोरीतून. फौजदारी बदनामीचा कायदा सामोआनं २०१३ मध्ये रद्द केला होता, तो २०१७ च्या डिसेंबरात परत आणला, कारण सरकारला टोपणनावानं लिहिणारे ब्लॉगवाले सापडत नव्हते. क्रमांक त्यानंतरही चांगलाच राहिला.

फिजीचा क्रमांक कायदा रद्द झाल्यावर एका वर्षात ८९ वरून ४४ वर आला. एवढ्या अवधीत तिथले बातमीदार दुप्पट धीट झाले, असं कुणीच म्हणत नाही. तेरा वर्षांची सवय त्यांच्या हातात अजून आहे आणि पगारही तेवढेच तुटपुंजे आहेत. तेव्हा अशी यादी हाती आली की क्रमांक वाचून थांबू नका. त्या देशात सरकारी जाहिरात कुणाला मिळते आणि वृत्तपत्राच्या मालकाचा दुसरा धंदा कोणता, या दोन गोष्टी शोधा. बेटांपुरतंच नाही, आपल्या जिल्ह्याच्या दैनिकाबाबतही शोधून पाहायला हरकत नाही.